पाचव्या धड्यातली बाई

माझ्या पुस्तकातला पाचवा धडा खोटा आहे.

हे एवढं वाक्य लिहायला मला बारा वर्षं लागली. मंडळीच्या मासिकाच्या संपादकांनी, पाळक आणि लेखक म्हणून आपला जीवनवृत्तांत लिहून द्या, असं कळवलं तेव्हा मी दोनदा नकार दिला. तिसऱ्या पत्राला होकार कळवला, पण अट घातली की लिहीन ते सगळं छापायचं, नाहीतर काहीच नाही. त्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याला आपल्या शब्दांचा फार लोभ आहे. म्हातारा मी अजून झालेलो नाही, पन्नाशी नुकती उलटली आहे. शब्दांचा लोभ मात्र होता.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन आण्यांचं, निळ्या कागदी पुठ्ठ्याचं पातळ पुस्तक आहे ते. दुःखात पडलेल्या माणसांसाठी लिहिलेले बारा धडे. ख्रिस्ती घरांत ते लग्नात अहेर म्हणून देतात. का, हे मला कधी कळलं नाही, पण देतात. हिंदू वाचकही पुष्कळ मिळाले. पाचव्या धड्यात एक कोळीण आहे. तिचा नवरा दर्यात गेला, देह मिळाला नाही. ती रोज किनाऱ्यावर उभी राहून वाट पाहते. मग एका संध्याकाळी आपल्याच हातांनी काकणं उतरवते आणि म्हणते, "तो आता देवाजवळ आहे. मी वाट पाहणं सोडलं." हे वाक्य पुढे लोकांनी थडग्यांवर कोरून घेतलं. मी स्वतः दोन ठिकाणी पाहिलं आहे आणि दोन्ही ठिकाणी मान खाली घालून पुढे गेलो आहे.

बाई खरी होती. वाक्य माझं होतं.

मी मूळचा घाटावरचा, नगरकडचा. महायुद्ध संपून चारेक वर्षं झाली होती तेव्हा मिशनने मला या किनाऱ्यावर पाठवलं, मुरुडच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका गावी. एक कौलारू प्रार्थनामंदिर, शेजारी पाळकाचं दोन खोल्यांचं घर, आणि मंडळी म्हणजे सहा कुटुंबं. घरामागे नारळी-पोफळीची वाडी होती, वाडीच्या पलीकडे कोळीवाडा. मधलं अंतर हाकेचं. पण पहिल्या दोन वर्षांत मी तिकडे किती वेळा गेलो असेन ते एका हाताच्या बोटांवर सांगता येईल. सुकटीचा वास मला सहन होत नसे. खळ्यावर मासळी वाळत घातली की मी खिडकी लावून घ्यायचो आणि बायको ती उघडायची. इथंच राहायचंय ना आपल्याला, एवढंच म्हणायची.

ती मात्र जायची तिकडे. बायकांना शिवण शिकवायची, पोरांच्या खरजेला मलम लावायची, आणि परत येताना कुणीतरी तिच्या हातात पानात बांधलेली कोलंबी दिलेली असायची. गाव तिला 'बाई' म्हणे आणि मला 'पाद्रीबाबा'. हाक मारण्यातला फरक मला तेव्हाही ऐकू यायचा. तिला लोक हाक मारत, माझा उल्लेख करत.

खरं सांगायचं तर मला माणसांशी बोलताच येत नसे. पाळकाने हे कबूल करणं म्हणजे होडीच्या तांडेलाने मला बोट लागते म्हणण्यासारखं आहे, पण तसंच होतं. कुणाच्या घरी मर्तिक झालं की मी जायचो, प्रार्थना करायचो, आणि मग त्या घरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहणं नको म्हणून छताकडे पाहत बसायचो. घरी आलो की मात्र हात शिवशिवायचे. जे तिथे बोलायला हवं होतं ते मी पत्रात लिहून पाठवायचो. ती पत्रं लोक जपून ठेवू लागले. एकाने साहेबांना दाखवलं, म्हणजे आमच्या मिशनच्या गोऱ्या प्रमुखांना, आणि त्यांनी त्यातली दोन मासिकात छापली. माझ्या लेखकपणाची सुरुवात ही अशी झाली. समोर बोलायची हिंमत नव्हती म्हणून.

दुसऱ्या पावसाळ्यात आमची मुलगी तापाने गेली. साडेचार वर्षांची होती. तिच्याविषयी इथे अधिक लिहिणार नाही. तेव्हाही लिहू शकलो नव्हतो. बायको रडली. कोळणी येऊन तिच्याभोवती बसल्या आणि तिच्याबरोबर रडल्या. मी वाडीत जाऊन एका माडाला पाठ लावून उभा राहिलो आणि घरातलं रडणं थांबेपर्यंत आत गेलो नाही. साहेब भेटायला आले तेव्हा म्हणाले, तुम्ही लिहा, तुम्हाला लिहिल्याने बरं वाटेल. पुस्तक तिथून सुरू झालं. चार धडे भराभर झाले. पाचव्याशी अडलो. पाचवा धडा सोडून देण्याविषयी होता, आणि मला काही सोडता येत नव्हतं. पोरीची परकराची जोडी अजून दोरीवर होती. बायकोने ती काढली नव्हती, मी काढू देत नव्हतो.

पुढच्या वर्षी, नारळी पुनव होऊन पंधरवडाही झाला नसेल, कोळीवाड्यातली एक होडी परत आली नाही. तीन माणसं होती. वादळ म्हणावं असं काही झालंही नव्हतं, दुपारी वारा फिरला आणि संध्याकाळी पडला. उलटलेली होडी दिवेआगरच्या किनाऱ्याला लागली. दोघांचे देह तिसऱ्या दिवशी मिळाले. तिसरा मिळाला नाही. होडी दोघा भावांची होती, तिसरा म्हणजे त्यांतला धाकटा. थोरल्याच्या हातात आदल्या दिवशी गळ रुतला होता म्हणून तो घरी राहिला होता.

आमच्या कोळीवाड्यात अशा वेळची एक रीत होती. मला ती पुढे कळली. तेव्हाच कळली असती, निदान बायकोला विचारली असती, तर आज हे लिहावं लागलं नसतं. देह मिळाला नाही, तर गेलेल्याची बायको स्वतः बोलेपर्यंत त्याचं कार्य करायचं नाही. पंच तिला विचारत नाहीत, सासरचे विचारत नाहीत. ती कुंकू लावते, काकणं घालते, आणि नवऱ्याचा होडीतला वाटा तिच्या टोपलीत पडत राहतो. मग कधीतरी ती आपण होऊन म्हणते, आता न्हाय येत तो. तेव्हा पिठाचं माणूस करून त्याला अग्नी देतात. कुणी तीन महिन्यांनी म्हणते. एक म्हातारी अकरा वर्षांनी म्हणाली होती म्हणे. पण शब्द तिचाच लागतो. तिच्या वतीने तो दुसऱ्या कुणी बोलायचा नसतो.

त्या धाकट्याची बायको आमच्या प्रार्थनामंदिरात येऊन बसू लागली. ख्रिस्ती व्हायला नव्हे. तिथं कुणी काय बोलत न्हाय, बरं वाटतं, असं तिने माझ्या बायकोला सांगितलं होतं. पंचविशीची असेल. शेवटच्या बाकाशेजारी जमिनीवर बसायची, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. एकदा तिने मला विचारलं, तुमच्या पोथीत दर्यातनं परत आलेल्या कुणाची गोष्ट हाय का. आहे, मी म्हणालो. किती दिसांनी आला? तीन दिवसांनी, माशाच्या पोटातून. तिने मान हलवली. आमच्याला छत्तीस झाले, म्हणाली, आणि तशीच बसून राहिली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी मेजावरचा रुमाल सरळ केला आणि बाहेर आलो.

त्यानंतर आठवड्याभरात मी तिला किनाऱ्यावर पाहिलं. दिवस मावळतीला आला होता. ओहोटीच्या पाण्यात घोट्यापर्यंत उभी होती, उजवा हात डोळ्यांवर धरून. डावा पदरात गुंडाळलेला. तो उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत मोकळा होता. एकही काकण नाही. मी वाळूत थबकलो. घाटावरच्या माझ्या डोळ्यांना बाईच्या मोकळ्या मनगटाचा एकच अर्थ ठाऊक होता. मला वाटलं, हिने उतरवली. हिला जमलं. पोरसवदा, निरक्षर बाई ही, आणि जे मला वर्षभर जमलं नाही ते हिने एका संध्याकाळी केलं.

मी तिच्याजवळ गेलो नाही. चार पावलं टाकून विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. मी घरी आलो आणि जेवायच्या आधी पाचवा धडा लिहून काढला. एकही शब्द खोडावा लागला नाही. तिच्या तोंडी ते वाक्य घातलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. मुलीनंतर पहिल्यांदाच. आज वाटतं, मी तिच्यासाठी रडत नव्हतोच. मला जे म्हणायचं होतं आणि म्हणवत नव्हतं, ते मी तिच्याकडून म्हणवून घेतलं.

साहेब खऱ्याखोट्याच्या बाबतीत फार काटेकोर होते. साक्ष म्हणून छापायचं तर ते घडलेलंच पाहिजे, असा त्यांचा नियम. हस्तलिखित वाचून त्यांनी मला बंगल्यावर बोलावलं, पाचवा धडा वर काढून ठेवलेला.

"हे ती स्वतः बोलली?"

"होय."

"तुमच्यासमोर?"

"माझ्यासमोर," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं एवढंच आहे, दोन शब्दांचं. ते बोलताना मला काही अडखळायला झालं नाही. मनात म्हटलं, बोलली नसेल, पण मोकळा हात बोलतच होता. लेखकाला असली पळवाट पटकन सापडते.

पुस्तक निघालं आणि चाललं. एवढं चालेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पहिली आवृत्ती पावसाळ्यापूर्वी संपली, दुसरीची बोलणी सुरू झाली. गुजरातीत भाषांतर झालं. मुंबईहून, पुण्याहून, थेट मिरजेहून पत्रं येऊ लागली. बायकांची पत्रं जास्त, आणि त्यांतली निम्मी पाचव्या धड्याविषयी. एका बाईने लिहिलं होतं की त्या कोळणीला माझा नमस्कार सांगा. मी उत्तरात सांगतो म्हणून लिहिलं. सभांना बोलावणी येऊ लागली आणि चमत्कार असा की मला बोलता येऊ लागलं. लोक पाळकाला ऐकायला येत नसत, त्या धड्याच्या लेखकाला ऐकायला येत. मी उभा राहून तोच धडा सांगायचो आणि सभा रडायची. गावी परतलो की बायको पाणी द्यायची आणि विचारायची, कसं झालं. चांगलं झालं, मी म्हणायचो. तिने पुस्तक वाचलं नव्हतं. पोरीच्या दुःखातून आलेलं आहे म्हणून आता नको, नंतर वाचीन, म्हणायची.

मी गावाचं नाव लिहिलं नव्हतं. पण खाडीच्या तोंडाचा पांढरा खडक, कौलारू मंदिर, दिवेआगरला लागलेली होडी हे सगळं त्यात होतं. पेटी घेऊन बाजार फिरणारा मिशनचा पुस्तकविक्या एकदा आमच्याच गावच्या आठवडी बाजारात आला. भला माणूस. गावाला अभिमान वाटेल म्हणून त्याने चिंचेखाली उभं राहून पाचवा धडा मोठ्याने वाचला, ही तुमच्या गावची गोष्ट, असं सांगून.

तिच्या थोरल्या दिराने एक प्रत घेतली. वाचता येत नव्हतं त्याला. शाळामास्तरांकडून दोनदा वाचून घेतली. तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. बुडालेल्या बाकी दोघांच्या घरी तोच धान्य पोचवत होता, होडी त्यानेच डागडुजी करून पाण्यात घातली होती, आणि धाकट्याच्या जागी माणूस घ्यायचा तर वाटा अडलेला होता. पण वाट्यापेक्षा त्याला दुसरंच लागलं. घरात न बोलता ती परक्याला बोलली. बायकाही तिला टोचू लागल्या. आमाला न्हाय बोललीस, पाद्रीला बोललीस, व्हय? आमी काय मेलो व्हतो? ती नाही म्हणत राहिली. पण छापलेलं होतं. आमच्या गावात तेव्हा छापलेले दोनच कागद येत, सरकारचे आणि पंचांगाचे, आणि दोन्हीपुढे नाही म्हणायची पद्धत नव्हती. पंचांनी ठरवलं, शब्द बोलला गेला आहे, आता कार्य करून टाकू.

आदल्या दिवशी सकाळी ती आमच्या ओटीवर आली. पुस्तक फडक्यात बांधून आणलं होतं. बायको दाराशी तांदूळ निवडत होती.

तिने पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. "बाबा, मी कवा बोलली हे?"

मी पुस्तकाच्या निळ्या पुठ्ठ्याकडे पाहिलं.

"मास्तर वाचतात, हिनं आपल्या हातानं काकणं उतरली. कंची उतरली?" तिने पदर सोडला आणि दोन्ही हात पुढे केले. डाव्या हातात कोपराच्या दिशेने भरत गेलेली हिरवी काकणं होती. उजवा मोकळा. "हा हात दर्याचा हाय. लग्नात याची काकणं दर्याला देतात, माझ्या मानसाला सांभाळ म्हनून. मग यात काचेचं घालत न्हाईत. चांदीचं व्हतं, ते मोडलं, त्याला हुडकाया मचवा पाठवला तवा." मग डावा हात थोडा वर केला. "आनि हा त्याचा. याला मी हात लावला का?"

मला आठवतं, बायकोचे हात सुपात थांबले. तिला हे ठाऊक होतं. तिथल्या कुठल्याही लहान पोरीला ठाऊक होतं. तीन वर्षं हाकेच्या अंतरावर राहून ते फक्त मला ठाऊक नव्हतं. ज्या मोकळ्या हातावर मी धडा उभा केला होता, तो नवरा असल्याची खूण होती.

"चूक झाली माझी," मी म्हणालो.

"व्हय. उद्या पंच बसतात खळ्यावर. तुमी या. येवढंच बोला, ती बोलली न्हाय. बाकी काय नको."

"येतो."

ती पुस्तक तिथेच ठेवून गेली. बायको माझ्याकडे पाहत होती. येतो म्हणालो ना, मी म्हणालो, जरा चढ्या आवाजात.

दुपारच्या टपालाने साहेबांचं पत्र आलं. दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं मुंबईत तयार आहेत, या आठवड्यात येऊन तपासावीत, आणि रविवारी तिथल्या मोठ्या मंदिरात पाचव्या धड्यावर उपदेश करावा. आठवडा सगळा पुढे होता. आगबोट परवाही होती. मी सकाळच्या आगबोटीने निघालो.

मनात काय चाललं होतं ते लिहायचं म्हणून इथवर आलो आहे, तर लिहितो. खळ्यावर जाऊन मी खोटं लिहिलं म्हणायचं, म्हणजे ते संध्याकाळपर्यंत मिशनच्या दवाखान्यात पोचणार, तिथून साहेबांकडे. माझ्यासमोर बोलली, असं मी साहेबांना सांगितलं होतं. दुसरी आवृत्ती थांबणार. सभा थांबणार. मी पुन्हा छताकडे पाहत बसणारा पाळक होणार. आणि हेही मनात होतं की तो माणूस मेलाच आहे, वर्ष होत आलं, आज ना उद्या तिला म्हणावंच लागेल. मी फक्त थोडं आधी लिहिलं.

बायकोने पिशवी भरून दिली. कुठे चाललात, असं विचारलं नाही. पडावात बसून आगबोटीकडे जाताना खळं दिसत होतं. पांढरी मुंडाशी जमायला लागली होती. मी दुसऱ्या बाजूला तोंड करून बसलो.

पुढचं मला बायकोने सांगितलं, तेही एकदाच. मी गेल्यावर ती स्वतः खळ्यावर गेली. पंचांना म्हणाली, माझ्या नवऱ्याची चूक झाली आहे, ही तसं बोललेली नाही. पंचांनी ऐकून घेतलं. तिला मान होता तिथे. मग थोरला दीर म्हणाला, "बाई, लिवलं त्यांनी. तुमी न्हाय. त्यांना येऊ द्या. भरती लागंपर्यंत थांबतो आमी." आणि ते थांबले. उन्हात, मधे रिकामी जागा ठेवून. कुणीतरी धक्क्यापर्यंत पाहून आलं आणि सांगितलं, पाद्रीबाबा आगबोटीनं गेले. तरी ते थांबले, कारण शब्द दिला होता भरतीपर्यंतचा. पाणी खडकाला लागलं तेव्हा उठले. पिठाचं माणूस केलं. तिला धरावं लागलं नाही. तिने डावा हात स्वतःच दगडावर ठेवला, पण काकणं फोडणाऱ्या म्हातारीला शेवटपर्यंत सांगत राहिली, मी बोलली न्हाय, मावशे, मी बोलली न्हाय. आणि म्हातारी म्हणत राहिली, उगी, पोरी, उगी.

रविवारी मी मोठ्या मंदिरात पाचव्या धड्यावर उपदेश केला. चांगला झाला.

परत आलो तेव्हा दोरीवरची परकराची जोडी निघाली होती. बायकोने ती घडी करून पेटीत ठेवली होती. त्याविषयी आम्ही कधी बोललो नाही. त्यानंतर तिने माझं लिहिलेलं काहीही वाचलं नाही, आणि मी अकरा पुस्तकं लिहिली. तिने माझा संसार केला, मंडळीच्या बायकांना सांभाळलं, आजारपणात माझं केलं. फक्त मी प्रार्थनेत मोठ्याने बोलायला लागलो की ती डोळे उघडायची. मला ते डोळे मिटूनही कळायचं.

ती बाई पुढच्या पावसाळ्याआधी गाव सोडून गेली. न्हावा-शेव्याकडे तिच्या मामाची माणसं मिठागरांवर राबत होती, तिकडे गेली. नवरा परत आला नाही. पुष्कळदा वाटायचं, तो यावा, सगळ्या गावासमोर यावा आणि माझं तोंड काळं व्हावं. तसं झालं असतं तर ती सांगण्यासारखी गोष्ट झाली असती. तो आला नाही. देहही आला नाही.

मिठाचा सत्याग्रह होऊन चार वर्षं झाली होती तेव्हा मी उरणच्या बाजूला एका नव्या प्रार्थनामंदिराच्या उद्घाटनाला गेलो. यजमान मला मिठागरं दाखवायला घेऊन गेले. ऊन पांढऱ्यावर पडून डोळ्यांत जात होतं. बांधावरून बायका टोपल्या घेऊन चालल्या होत्या, पाय खारट पाण्याने फुटलेले. तिने मला आधी ओळखलं. थांबली, टोपली डोक्यावर तशीच.

बाई बऱ्या हायत का, तिने विचारलं. बऱ्या आहेत, मी म्हणालो. मग तिने विचारलं, "ते पुस्तक अजून इकतात?"

"हो."

"त्यात मी अजून तसंच बोलते?"

माझ्याबरोबरचे यजमान कौतुकाने आमच्याकडे पाहत होते. एका मिठागरातल्या बाईशी पाळकसाहेब थांबून बोलतात म्हणून.

"हो," मी म्हणालो.

मागच्या बाईची वाट अडली होती म्हणून ती पुढे चालू लागली. दोन्ही हात टोपलीला होते. दोन्ही मोकळे.

तिथून आल्यावर मी प्रकाशन समितीला लिहिलं की पुढच्या आवृत्तीत पाचवा धडा गाळावा. कारण दिलं नाही. त्यांनी नम्रपणे कळवलं की लोक पुस्तक घेतात ते त्या धड्यासाठीच, तरी आपला आग्रह असल्यास कळवावं. मी आग्रह कळवला नाही. सहावी आवृत्ती त्या धड्यासकट निघाली.

गेल्या वर्षी बायको वारली. शेवटच्या आठवड्यात बोलणं कमी झालं होतं. एका सकाळी मला म्हणाली, तुम्ही एकदा त्या खळ्यावर जाऊन या. एवढंच. इतक्या वर्षांत त्या दिवसाविषयी ती आपण होऊन बोललेली हीच एक गोष्ट. जातो, मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी मला कळलं की माझ्या 'जातो' म्हणण्याची तिच्या लेखी काय किंमत होती.

गेलो. तिला मातीआड करून दीड महिना झाला होता. त्या गावातून माझी बदली होऊन सात वर्षं लोटली होती. कोळीवाडा तसाच. सुकटीचा वास आला आणि मी नाकाला रुमाल लावला नाही, एवढीच काय ती माझी प्रगती. थोरला दीर खळ्याच्या कडेला जाळं शिवत बसला होता. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. आवाजावरून ओळखलं त्याने मला. बसा म्हणाला. मी वाळूत बसलो आणि सांगून टाकलं. ती कधीच तसं बोलली नव्हती, मी रचून लिहिलं, आणि त्या दिवशी भिऊन आगबोटीने पळालो.

त्याचा हात चालत राहिला.

"भरती लागंपर्यंत थांबलो व्हतो आमी," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"खडकाला पानी लागलं तरी वाईच थांबलो. हे तुमाला बाईंनी सांगितलं नसंल." मी विचारलं, ती कशी आहे, मला तिला जाऊन सांगायचं आहे.

ती मिठागरावरच वारली, दोन पावसाळे झाले, त्याने सांगितलं. सांगावा आला तेव्हा हा दोन माणसं घेऊन गेला होता. जाण्याआधी तिने तिथल्या बायकांना सांगून ठेवलं होतं की नेताना माझ्या डाव्या हातात हिरवी काकणं भरा, मी सवाशीण हाय. बायकांनी काकणं आणूनही ठेवली होती. थोरला म्हणून त्याला विचारलं.

"मी नको बोललो." त्याने गाठ दाताने आवळली. "तिनंच सोडलंय, बोललो. छापलेलं हाय, बोललो."

त्याचा तो पांढरा डोळा माझ्याकडे होता. दुसरा जाळ्यावर. मी मिठागरावरून परतल्यावर समितीला आणखी एक पत्र लिहिलं असतं, किंवा इथे या खळ्यावर येऊन चार शब्द बोललो असतो, तर तिच्या हातात ती काकणं भरली असती. हे त्याने मला म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

मी उठायला लागलो तेव्हा त्याने विचारलं, "हे आता बोललात ते छापलंय का कुठं?"

"नाही."

"मग छापा. तवा छापलेलंच ऐकलं ना आमी. असं तोंडी येऊन सांगता, उद्या माझ्या मागनं कोन मानंल?"

किती लौकर आणता, असंही त्याने विचारलं. मी म्हणालो, लिहायला बसतो. तो म्हणाला, आणलंत की मास्तरांना सांगून वाचून घेईन, खळ्यावर, सगळ्यांसमोर.

म्हणून हे लिहिलं आहे. सातव्या आवृत्तीला माझी परवानगी नाही, हे मी समितीला आजच्याच टपालाने कळवलं आहे, या वेळी कारणासकट. आणि जे तिने माझ्याकडे मागितलं होतं, ते तिच्याच शब्दांत इथे देतो, म्हणजे खळ्यावर वाचताना मास्तरांना शोधावं लागणार नाही.

ती बोलली न्हाय.